सिस्टरांचं देणं

बंगळुरूने मला पुष्कळ दिलं. घर झालं, मुलींची शिक्षणं झाली, कन्नड आणि तमिळ कानावर पडून पडून बाजारापुरती जिभेवर आली. यातलं बहुतेक आम्ही कष्टाने मिळवलं. ज्यासाठी कर्ज काढलं ते हप्त्याहप्त्याने फेडलं. एक देणं मात्र तसंच राहिलं आहे, आणि ज्यांचं ते आहे त्या सिस्टर आता हयात नाहीत. त्यांनी माझा संसार मला परत मिळवून दिला असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की घरात दारू होती, मारझोड होती, किंवा तिसरं कुणी मध्ये आलं होतं. तसलं काही नव्हतं. आमच्या घरात भांड्याला भांडं लागत नव्हतं. आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपत होतो, इतकंच. आणि या वयात तसंच झोपायचं असतं, तोच धर्म आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

नवरा-बायकोच्या शेजेबद्दल बायकांनी लिहू नये असा आपल्याकडे रिवाज आहे. कॅथलिक बायकांनी तर नाहीच. मी साठीला आले, आई-वडील देवाघरी गेले, मुली आपापल्या संसारात आहेत, आणि लिहिण्याआधी ह्यांना विचारलं आहे. ह्यांनी कागद वाचले, एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं.

मी वसईची, निर्मळच्या बाजूची. लग्न झालं आणि १९८८ साली ह्यांच्याबरोबर बंगळुरूला आले. हे हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्ये नोकरीला होते. वसईत आम्ही चर्चला देऊळ म्हणतो, मिस्सा मराठीत ऐकतो. इथे सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रलला इंग्रजी मिस्सेला जायला लागलो आणि प्रार्थना तेवढी मनातल्या मनात मराठीत चालू राहिली.

धर्माचं जे शिक्षण मी वसईहून बरोबर आणलं होतं, त्यात नवरा-बायकोच्या संबंधाला एकच कारण होतं, मूल. फळ्यावर लिहून कुणी तसं शिकवलं नव्हतं. पण लग्नाआधीच्या शिबिरात फादर संततीबद्दल भरभरून बोलले आणि बाकीच्या गोष्टींवर गुळमुळीत झाले. शेवटच्या मुलाचं अंगावरचं दूध सुटलं तशी आजीने आपली वळकटी ओटीवर नेली, ती पुन्हा आत आणली नाही, हे आई मला कौतुकाने सांगायची. शेजारच्या हिंदू घरांतही निराळं नव्हतं. सून आली की सासूने शेज सोडायची. गाव आणि धर्म एकच सांगतात असं मी धरून चालले होते.

२००९ साली माझी पिशवी काढली. गाठी होत्या, अंगावरून जाणं थांबेना, हिमोग्लोबिन सातच्या खाली उतरलं होतं. वय त्रेचाळीस. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. ऑपरेशन चांगलं झालं, टाके भरून आले. घरी सोडताना कार्डावर लिहून दिलं की दोन महिने जड उचलायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत. दोन महिन्यांनी काय करायचं ते कार्डावर नव्हतं आणि तोंडीही कुणी सांगितलं नाही. अंडाशयं काढली की पाळी एका दिवसात जाते. इतर बायकांना जे वर्षानुवर्षांत हळूहळू होतं ते अंगावर एकदम येतं. अंगातून वाफा निघायच्या, घामाने उशी भिजायची, गुडघे आणि मनगटं ठणकायची, आणि आतला कोरडेपणा इतका की लघवीला गेलं तरी जळजळायचं. आईचा फोन आला. म्हणाली, "सुटलीस बाय."

मलाही तसंच वाटलं. माझी गादी थोरल्या मुलीच्या खोलीत गेली ती घामामुळे, रात्रभर पंखा मोठा लागायचा म्हणून. मग ती तिथेच राहिली. एका रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "आता कशाला?" रागाने म्हटलं नाही, मला खरोखरच तो प्रश्न पडला होता. ह्यांनी हात काढून घेतला आणि त्यानंतर वर्षभर पुन्हा ठेवला नाही. हे सभ्य माणूस आहेत. त्या वर्षी ह्यांचा तो सभ्यपणा आम्हा दोघांना महागात पडला.

आमच्या घरापासून जवळ एका कॉन्व्हेंटच्या आवारात दर शनिवारी सिस्टरांचा दवाखाना असायचा. स्त्रीरोगतज्ज्ञ, मूळच्या त्रिशूरकडच्या, सत्तरीकडे झुकलेल्या, ठेंगण्या, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. शिकल्या इथेच, सेंट जॉन्समध्ये. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९६३ साली ते वैद्यकीय महाविद्यालय काढलं, ते खेड्यापाड्यांत जाऊन राहतील असे डॉक्टर तयार व्हावेत म्हणून. तिथे शिकलेल्या धर्मभगिनी देशभर आडगावच्या दवाखान्यांत सापडतात. सिस्टर शिकून निघाल्या त्या थेट नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात, आणि वीसेक वर्षं तिथेच राहिल्या. मी हाडांच्या दुखण्यासाठी गेले होते आणि इंग्रजीत सांगायला लागले होते. नाव-गाव लिहून घेताना त्यांनी वसई ऐकलं आणि त्या एकदम नगरी मराठीत सुरू झाल्या. बंगळुरूत बसून एका मल्याळी ननच्या तोंडून ऊसपट्ट्यातली मराठी ऐकताना मला क्षणभर माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

"रातीला झोप लागती का?"

"नाही लागत."

"मालक कुठं झोपत्यात?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "दुसऱ्या खोलीत."

"का?"

"सिस्टर, माझी पिशवी काढली आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पिशवी काढली. नवरा काढला का?"

मला रडू फुटलं. पडद्यापलीकडे बाकावर बायका बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल म्हणून मी पदर तोंडात धरला. सिस्टरांनी रडू दिलं. मग एका जुन्या लॅब रिपोर्टची पाठकोरी बाजू घेतली आणि चित्र काढून दाखवलं. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन बंद झालं की योनीमार्गाचं आतलं अस्तर पातळ होतं, ओल कमी होते, म्हणून दुखतं. दुखतं म्हणून बाई आकसते, आणि आकसली की आणखी दुखतं. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला आहे का, ते दोनदा विचारलं. मला तपासून घेतलं आणि मग आतून लावायचं मलम लिहून दिलं, वर एक साधी जेली. घाई करायची नाही, आधी दोघांनी नुसतं जवळ झोपायचं, हेही औषधाच्या डोससारखं कागदावर लिहिलं.

मी विचारलं, हे असलं लावून... देवाला चालतं का?

"डोळ्याला चष्मा लावलास तवा फादरला इचारलंस का?"

त्यांनी टेबलाच्या खणातून पिन मारलेले काही झेरॉक्स कागद काढले. सहावे पोप पॉल यांचं 'ह्युमाने व्हिटे' हे पत्र होतं ते, इंग्रजीतलं, अकराव्या परिच्छेदाखाली लाल रेघ मारलेली. "घरी जाऊन वाच," म्हणाल्या. "एकटी वाचू नकोस. मालकांसंगं वाच."

हे पत्र २५ जुलै १९६८ चं. जगाला ते एका नकारासाठी माहीत आहे. गर्भनिरोधक गोळी आणि साधनं यांना चर्चने नाही म्हटलं, ते याच पत्रात. त्यामागची कथा आमच्या मुंबईपर्यंत येते. तेविसावे पोप जॉन यांनी १९६३ साली या प्रश्नावर आयोग नेमला, पोप पॉल यांनी तो वाढवला, आणि त्यात मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस होते. वसई तेव्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात होती, म्हणजे माझ्या आई-वडिलांचे आर्चबिशप त्या चर्चेत होते. आयोगातल्या बहुसंख्यांचं मत बदलाच्या बाजूचं पडलं. पोपनी ते मानलं नाही. त्यावर इतका गदारोळ झाला की पत्रातलं बाकी सगळं त्या आवाजात बुडून गेलं.

त्या बुडालेल्या भागात माझ्या कामाचं होतं. पोप लिहितात की पती-पत्नींच्या ज्या मीलनातून मूल होणार नाही हे आधीच ठाऊक आहे, आणि तसं असणं त्या दोघांनी आपल्या इच्छेने घडवलेलं नाही, ते मीलन अनुचित ठरत नाही, कारण दोघांची एकी व्यक्त करणं आणि ती बळकट करणं हे त्याचं प्रयोजन तेव्हाही शाबूत असतं. पुढे पंधराव्या परिच्छेदात आहे की आजार बरा करण्यासाठी जे उपचार करावे लागतात, त्यांनी मूल होण्याची शक्यता गेली तरी चर्चचा त्याला विरोध नाही, ती घालवणं हाच हेतू नसला म्हणजे झालं. माझं ऑपरेशन त्या परिच्छेदात जसंच्या तसं बसत होतं. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून वाचलं. मुली झोपल्या होत्या. ह्यांनी अकरावा परिच्छेद वाचला, मग बाराव्या-तेराव्यावर गेले आणि तिथे थांबून मला मोठ्याने वाचून दाखवलं. जोडीदाराची अवस्था आणि त्याच्या रास्त इच्छा न बघता त्याच्यावर लादलेलं मीलन हे प्रेमाचं कृत्य नव्हे, असं तिथे आहे. हे म्हणाले, "म्हणजे मी थांबलो ते बरोबरच केलं. पण विचारायला पाहिजे होतं."

त्या रात्री आम्ही फक्त बोललो, पहाटेपर्यंत.

नंतर मी वाचत गेले, सिस्टर पुस्तकं देत गेल्या. माझ्या आजीपर्यंत जी सावली पोचली होती ती फार जुनी आहे हे त्यातून कळलं. संत ऑगस्टीनने विवाहाच्या भलेपणावर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पुस्तक लिहिलं. त्यात त्याने मान्य केलं आहे की वय झालेल्या, मूलबाळ नसलेल्या जोडप्यातही विवाह जिवंत असतो, कारण दोघांतली माया जिवंत असते. पण मुलाचा हेतू नसलेल्या संगाला तो किरकोळ का होईना, दोष मानतो. त्या माणसाबद्दल मला आदर आहे, तरी सांगते, त्या एका मताने शेकडो वर्षं बायकांना आपल्याच अंथरुणात अपराधी करून ठेवलं. त्यातून चर्च बाहेर आलं ते सावकाश. अकरावे पोप पायस यांनी १९३० च्या अखेरीस लिहिलं की वयामुळे किंवा शरीरातल्या उणिवेमुळे मूल होणं शक्य नसलं तरी पती-पत्नी आपला हक्क नेहमीच्या रीतीने बजावतात त्यात वावगं काही नाही. बारावे पोप पायस २९ ऑक्टोबर १९५१ रोजी इटलीतल्या सुईणींपुढे बोलले, आणि म्हणाले की या संबंधातलं सुख निर्मात्यानेच ठेवलेलं आहे, ते घेण्यात पती-पत्नींचं काही चुकत नाही. सिस्टरांना हे भाषण फार आवडायचं. पोप हे बोलले ते सुईणींशी, याचा त्यांना आनंद होता. "ज्या बायका बाळंतपणं करत्यात, त्यांनाच सांगितलं," म्हणायच्या.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्टच लिहिलं की विवाह केवळ संततीसाठी स्थापलेला नाही. मूल झालं नाही तरी तो सगळ्या आयुष्याचा सहवास म्हणून टिकून राहतो. मी जन्मले १९६६ साली. म्हणजे मी जे समजून चालले होते ते माझ्या जन्माआधीच चर्चने बाजूला ठेवलं होतं, आणि आमच्या गावापर्यंत ते कुणी पोचवलं नव्हतं. याचा मला आजही राग येतो. मनाई तेवढी घरोघर पोचते, मोकळीक झेरॉक्सच्या खणात राहते.

ह्यांचा एक प्रश्न होता. हे इंजिनीअर, तर्क सोडायचे नाहीत. आम्ही दोघं सिस्टरांकडे गेलो तेव्हा ह्यांनी विचारलं, मूल होणार नाही हे ठाऊक असून आम्ही जवळ आलो तर चालतं, मग मूल होऊ नये म्हणून गोळी घेणाऱ्या जोडप्याचं काय चुकतं? शेवट तर एकच. सिस्टरांनी प्रश्न टाळला नाही. त्या म्हणाल्या, चर्चच्या मते या मीलनात दोन अर्थ गुंफलेले आहेत, एकमेकांचं होणं आणि नव्या जिवाला वाट ठेवणं. माणसाने आपल्या हाताने ते सोडवू नयेत. तुमच्या बाबतीत तुम्ही काही सोडवलेलं नाही. तुमच्याकडे जे आहे ते सगळं तुम्ही एकमेकांना देता. जे नाही त्याचा हिशोब देव मागत नाही. ह्यांचं समाधान अर्धं झालं. माझं मत विचाराल तर, तरुण जोडप्यांना ही शिकवण पाळायला फार जड जाते, आणि ती सांगणाऱ्याने त्यांच्या घरातली ओढाताण आधी बघावी. पण आमच्या वयाच्या जोडप्यांसाठी तीच शिकवण किती उदार आहे, हे मला सिस्टरांनी दाखवलं, आणि दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात हेही.

त्या सुमारास वसईला गेले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' विकत आणलं; २०१० साली ते आलं होतं. सिस्टरांनी पानं काढून दिली नव्हती, नुसती नावं सांगितली होती: सारा, हन्ना, तोबित, गीतरत्न. साराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती, म्हातारपणी मूल होणार हे ऐकून ती हसली ती. आता वाचताना दिसलं की तिच्या मनात आधी मुलाचा विचार येत नाही. मी जीर्ण झाले, माझा धनी म्हातारा झाला, आता मला ते सुख कुठलं, असं तिच्या मनात येतं. हन्ना मूल नाही म्हणून रडते तेव्हा तिचा नवरा विचारतो की दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का. मराठीत वाचल्यामुळे ही माणसं मला आमच्या ओटीवर बसल्यासारखी वाटली. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. बातमी वाचली आणि तारखेवर नजर अडकली, पोपच्या त्या पत्राची तीच तारीख.

आमच्या ओळखीतल्या एका विधुर गृहस्थांनी साठी उलटल्यावर लग्न केलं. बाईही विधवा, पन्नाशीच्या पुढे गेलेल्या. नातेवाइकांत कुजबुज झाली, सोबतीला कुणी हवं असेल तर मुलीकडे राहायचं, या वयात लग्न कसलं. आम्ही लग्नाला गेलो. सिस्टरही आल्या होत्या आणि माझ्या शेजारी बसल्या होत्या. कॅथलिक लग्नविधीत वचनं घेण्याआधी धर्मगुरू वधूवरांना तीन गोष्टी विचारतात. स्वखुशीने आलात का, आयुष्यभर एकमेकांवर प्रेम आणि एकमेकांचा मान ठेवाल का, देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकारून ख्रिस्ताच्या वाटेने वाढवाल का. फादरांनी दोन विचारल्या आणि सरळ वचनांवर गेले. मला वाटलं विसरले. सिस्टर कानाशी वाकून म्हणाल्या, विसरले नाहीत, जोडपं वयस्क असेल तर तिसरा प्रश्न वगळायची सोय विधीच्या पुस्तकातच आहे. प्रश्न वगळला जातो, संस्कार पुरा होतो. पुढे आशीर्वादाच्या प्रार्थनेतही मुलांचा उल्लेख गाळला आणि बाकीची प्रार्थना तितक्याच ठणठणीत आवाजात म्हटली.

घरी येताना रिक्षात सिस्टरांनी चर्चच्या कायद्याची गोष्ट सांगितली. १९८३ च्या संहितेत १०८४ वं कलम आहे. लग्नाच्या वेळी शरीरसंबंधाची क्षमताच नसेल आणि ती कायमची नसेल तर विवाह होऊ शकत नाही. मूल होण्याची क्षमता नसेल तर मात्र विवाहाला काहीच बाधा येत नाही. पहिला भाग कठोर आहे, आणि ज्याच्यावर तो येतो त्याला तो किती लागत असेल याची कल्पना करवत नाही. पण त्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की माझ्या "आता कशाला"ला उत्तर मिळत होतं. आणि लग्नानंतर आजाराने, वयाने ती क्षमता गेली तर? तर विवाहाला धक्का लागत नाही, सिस्टर म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी लक्षही दिलं नाही. त्याची गरज पुढे पडली.

२०१७ साली ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. मधुमेह आधीपासून होताच. या वेळी अंग चोरलं ते ह्यांनी. मी जवळ गेले की पाठ करायचे, झोप आल्याचं सांगायचे. सिस्टर तोवर केरळला, त्यांच्या मातृगृहात राहायला गेल्या होत्या. मी फोन केला. त्यांनी ह्यांनाच फोनवर बोलवून घेतलं. काय बोलल्या ते ह्यांनी मला पूर्ण कधी सांगितलं नाही, आणि हे लिहिताना काढलेलं वाक्य त्याविषयीचंच होतं. एवढं सांगते की ह्यांनी त्याच आठवड्यात मधुमेहाच्या डॉक्टरांपुढे स्वतःहून विषय काढला. औषधाने थोडं सुधारलं, पुष्कळसं सुधारलं नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर पत्र लिहिलं, 'अमोरिस लेतीशिया', त्यात हे आलेलं आहे. आता आयुष्यं लांबली, एकाच माणसाबरोबर चार-पाच दशकं काढायची असतात, शरीरं बदलत जातात, आणि ओढ पूर्वीसारखी राहिली नाही तरी आपलं माणूस म्हणून निवडणं पुन्हा पुन्हा करता येतं, अशा आशयाचं. मी ते वाचत होते तेव्हा हे माझ्या गुडघ्याला तेल चोळत होते. आमच्या जवळिकीचं तेच आता नेहमीचं रूप झालं आहे, आणि कधीतरी त्याहून जास्त.

सिस्टर चिडल्या की नगरी बोली जास्तच निघायची. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या. तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या जात होत्या, पाळीमुळे कामावर खाडा पडतो म्हणून, कॅन्सरची भीती घालून. महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मी सिस्टरांना कात्रणं पाठवली, कारण त्या बायकांच्या आया त्यांच्याच हाताखाली बाळंत झालेल्या असणार. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रोमहून एक उत्तर प्रसिद्ध झालं होतं, १० डिसेंबर २०१८ या तारखेचं: गर्भाशय गर्भ जगवण्याच्या स्थितीत उरलंच नसेल, तज्ज्ञांना तशी खात्री असेल, तर ते काढणं ही नसबंदी ठरत नाही. मी दोन्ही गोष्टींबद्दल त्यांना विचारलं. त्यांचं पत्र आलं, अक्षर थरथरतं. रोमचं उत्तर बरोबर आहे, लिहिलं होतं, पण तिथल्या तज्ज्ञांनी एकदा साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी उभं राहून बघावं, इकडे निरोगी पिशव्या काढतात, आणि काढल्यावर त्या पोरीला इस्ट्रोजेन कुणी देत नाही, कॅल्शियम कुणी देत नाही, तिच्या नवऱ्याशी कुणी बोलत नाही. तुझ्याशीसुद्धा कुणी बोललं नव्हतं, आणि तू शहरात होतीस.

२०२१ मध्ये त्या गेल्या. कोरोनामुळे जाता आलं नाही.

आमच्या पॅरिशच्या कुटुंब विभागात मी चाळिशीपुढच्या बायकांसाठी बैठका घेते. मी डॉक्टर नाही, म्हणून सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली एक स्त्रीरोगतज्ज्ञ सोबत असते. शरीराचं ती सांगते, पत्रांमधलं मी सांगते. बायका सुरुवातीला हाडांबद्दल विचारतात, जसं मी विचारलं होतं. सगळ्यात जास्त प्रश्न येतो तो नसबंदीचा. आपल्या देशात विवाहित बायकांपैकी शंभरात अडतीस जणींची नसबंदी झालेली आहे, त्यात कॅथलिक बायकाही आल्याच. कुणाचा तिसरा सिझेरियन, कुणाची सासू, कुणाचा सरकारी दवाखान्यातला आग्रह. वसईहून माझ्या मावसबहिणीचा फोन यायचा. ऑपरेशन करून घेतलं, मग कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, जाऊन सांगितलं, क्षमाही मिळाली. तरी पंचवीस वर्षं ती नवऱ्यापासून लांब राहिली, कारण नळ्या बांधलेल्या असताना जवळ जाणं म्हणजे तेच पाप रोज करणं, असं तिने मनात घेतलं होतं. मी सिस्टरांना हे पूर्वी विचारून ठेवलं होतं. पश्चात्ताप खरा असेल तर ते ऑपरेशन उलटवून घेण्याची सक्ती नाही आणि संबंध सोडण्याचीही नाही, पाप त्या निर्णयाचं होतं आणि त्याची क्षमा झाली, असंच बहुतेक धर्मगुरू सांगतात. मी तिला म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, फादरांना विचार. तिने विचारलं. फादरांनी तेच सांगितलं. फोनवर ती म्हणाली, "एवढी वर्षं एकाने तरी सांगायचं ना गं." मला काही बोलता आलं नाही.

सिस्टरांचे ते झेरॉक्स कागद अजून माझ्याकडे आहेत. त्यातल्या लागतील तेवढ्या परिच्छेदांचं मराठी मी करून ठेवलं आहे, आमच्या एका फादरांनी ते तपासलं आहे, आणि वसईहून कुणी मागितलं की पाठवते. तमिळ भाषांतराला बैठकीतल्याच एक शिक्षिका बसल्या आहेत. पुढची बैठक आठ सप्टेंबरच्या मरियामातेच्या सणानंतर आहे. त्या दिवसांत शिवाजीनगरच्या बॅसिलिकाच्या गर्दीत सगळे अडकलेले असतात, म्हणून आधी घेता येत नाही. या वेळी नवऱ्यांनाही बोलवायचं, असा ह्यांचा आग्रह आहे. पुरुष बोलणार नाहीत, मी म्हटलं. हे म्हणाले, पहिला मी बोलतो.